चार बोटं रिकामी

१४ सप्टेंबर
धरण वसाहत

वहिनी,

क्षेमकुशल नंतर. नदीकाठच्या दोऱ्यांवर चादरी वाळत असतील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी त्या उचल. उद्या सकाळी मी धरणाचे दरवाजे उघडते आहे. भोंगा वाजेल, माणसं येऊन सांगतीलही, पण लॉन्ड्रीची यंत्रं चालू असली की तुला भोंगा ऐकू येत नाही, हे मला दादा होता तेव्हापासून माहीत आहे.

फोन करता आला असता. पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो, आणि ठेवल्यावर दोघींनाही वाटतं की आपणच जिंकलो. पत्रात निदान एका वेळी एकीलाच बोलता येतं. म्हणून हे तुझ्याच ड्रायव्हरबरोबर पाठवते. आमच्या विश्रामगृहातल्या मळक्या चादरींचं गाठोडं न्यायला तो आला आहे आणि दुसरा चहा होईपर्यंत थांबतो म्हणाला आहे.

आता कारण. धरण जवळजवळ भरलं आहे आणि पावसाळा अजून संपलेला नाही. कोणत्या तारखेला धरण किती भरलेलं चालेल, याचा तक्ता आमच्या नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर आहे. त्या तक्त्याप्रमाणे सप्टेंबर सरेपर्यंत वरचा थोडा भाग मोकळा ठेवायचा असतो. का ते तुला सांगायला नको. उकळत्या हौदात कपडे टाकण्याआधी दादा चार बोटं जागा रिकामी सोडायला लावायचा, नाहीतर फेस थेट पायावर. वेधशाळेने वरच्या डोंगरात मोठा पाऊस सांगितला आहे. धरण भरलेलं असताना तो आला, तर जेवढं पाणी येईल तेवढं मला तसंच पुढे ढकलावं लागेल. आणि धरणाखाली पहिली वस्ती म्हणजे तुझी गल्ली.

आमच्या मुख्य साहेबांना हे मंजूर नाही. त्यांना धरण काठोकाठ हवं आहे, कारण शंभर टक्के हा आकडा वर कळवायला छान दिसतो. दुपारी त्यांचा फोन आला, दरवाजे उघडू नका. मी म्हटलं, लेखी द्या. ते म्हणाले, एवढ्याशा गोष्टीला लेखी कशाला. मी म्हटलं, एवढीशी आहे तर दोन ओळींत मावेल. आत्ता अंधार पडायला आला, दोन ओळी आलेल्या नाहीत. तेव्हा मी तक्ता पाळणार. त्यांना राग आला तर आला. त्यांचा राग कार्यालयात बसतो, नदी तुझ्या दारात येते.

चादरी उचलल्यास ना?

तुझी नणंद


२० सप्टेंबर
लॉन्ड्री

वन्सं,

चादरी उचलल्या. तुमचं पत्र वाचायच्या आधीच उचलल्या, कारण ड्रायव्हरने गाडीतून उतरताच ओरडून सगळी गल्ली गोळा केली. त्याला पत्र द्यायचं आणि मजकूरही सांगायचा, मग पत्र लिहायचे कष्ट कशाला घेता?

पाणी आलं. फार सभ्यपणे आलं. काठच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या, आमच्या दोऱ्यांच्या खांबांना पाणी लागलं आणि तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने परत गेलं. गल्लीतली सगळी माणसं काठावर उभी राहून बघत होती. लॉन्ड्रीच्या भिंतीवर मागच्या महापुराची रेघ आहे ना, माझ्या डोक्याच्याही वर, तिच्याकडे बोट दाखवून आमच्या इस्त्रीवाल्या मावशी नव्या बायकांना सांगत होत्या की तेव्हा इस्त्रीची टेबलं तरंगत पलीकडच्या बोळात गेली होती. मावशींच्या गोष्टीत टेबलं दर वर्षी थोडी आणखी लांब जातात.

मी मात्र सगळ्यांना ऐटीत सांगितलं की दरवाज्यांवर आमच्या वन्सं बसतात. कोपऱ्यावरचा सोडावाला, जो तुम्हाला भांडखोर म्हणतो, तोही म्हणाला, बाई हिंमतीची आहे. त्याच्या तोंडून हे ऐकायचं म्हणजे तुम्ही खरंच दरवाजे उघडलेत याचा पुरावाच.

फक्त एक. तुमचा तो मोठा पाऊस कुठे आहे? इथे कडकडीत ऊन पडलं आहे. चादरी तासाभरात वाळतात.

तुमच्या त्या साहेबांचं नाव मी काठोकाठ ठेवलं आहे. आवडलं तर वापरा.

तुमची वहिनी


११ ऑक्टोबर
धरण वसाहत

वहिनी,

पाऊस आला नाही. म्हणजे आला, पण वळला आणि शेजारच्या खोऱ्यात जाऊन कोसळला. तिथे पूल गेले, आणि आमच्याकडे डोंगरावरून साधी ओहोळाएवढी धारही आली नाही. सोडलेलं पाणी भरून निघेल असा माझा अंदाज होता. निघालं नाही. बरीच तूट राहिली आहे, आणि पुढचा उन्हाळा लांबलचक आहे.

काठोकाठ साहेब (नाव आवडलं) आता मला फोन करत नाहीत.

तुला एकच सांगायचं आहे. मोठ्या दवाखान्याच्या कपड्यांचं काम तुझ्याकडे येऊ घातलं आहे, असं तू उन्हाळ्यात म्हणाली होतीस. या वर्षी ते घेऊ नकोस. फेब्रुवारीपासून शहराला पाणी कमी करावं लागेल. पहिलं पिण्याचं राखतात, मग दवाखान्यांचं, आणि धुण्याच्या धंद्यांना सगळ्यांत आधी नाही म्हणतात. तू चिडशील, पण वेळेवर चिडलेली बरी.

तुझी नणंद


१८ फेब्रुवारी
लॉन्ड्री

वन्सं,

इतके महिने पत्र नाही म्हणून तुम्ही ड्रायव्हरजवळ दोनदा चौकशी केलीत. मी रागावले नव्हते. मी गप्प होते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता मात्र रागावले आहे.

दवाखान्याचं काम मी तुमचं पत्र येण्याच्या आदल्या आठवड्यातच घेतलं होतं. कळवलं नाही, कारण तुम्ही लगेच मोठेपणाचा सूर लावला असतात. नवं यंत्र आणलं, चार बायका वाढवल्या. म्हटलं, पाणी कमी होईल होईल म्हणतात, इतकं काय होणार. या महिन्यापासून आमचा नळ चार दिवसांनी एकदा येतो आणि आला तरी घसा खाकरून जातो. दवाखान्याने परवा निरोप पाठवला की तुमचं काम चांगलं आहे, पण आम्हाला चादरी वेळेवर लागतात. त्यांचं तरी काय चुकलं? काम गेलं. वाढवलेल्या बायकांना घरी पाठवलं. त्यातल्या एकीने जाताना नव्या यंत्रावरून ओलं फडकं फिरवलं आणि ते पिळून दांडीवर टाकलं. मला ते सारखं दिसतं.

आता गल्ली काय म्हणते ऐका. सप्टेंबरात तुम्हाला डोक्यावर घेणारी हीच माणसं तुमच्या नावाने बोटं मोडतात. आणि तुमच्या नावाने कशाला, माझ्याच. म्हणे नणंदेने भावजयीची लॉन्ड्री वाचवायला सगळ्या शहराचं पाणी समुद्राला दिलं. सोडावाला दुकानात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, घरात माणूस असलं की असं होतं. मी त्याला म्हटलं, घरातलं माणूस आहे म्हणूनच माझी भट्टी बंद आहे. पण वन्सं, तो गेल्यावर मी मागे जाऊन कोरड्या हौदाच्या काठावर बसले. तुम्ही माझ्यासाठी केलंत का हे? मी मागितलं नव्हतं. आणि मागितलं असतं तरी तुम्ही द्यायला नको होतं.

तुमची वहिनी


२ मार्च
धरण वसाहत

वहिनी,

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणून दोन दिवस थांबून लिहिते आहे. आग अजून उतरलेली नाही, पण अक्षर आता नीट येतं.

नाही. तुझ्यासाठी केलं नाही. त्या गल्लीत तू नसतीस आणि नुसता सोडावाला त्याच्या बाटल्यांसकट राहत असता, तरी मी तेच दरवाजे त्याच दिवशी तेवढेच उघडले असते. त्याला हे जरूर सांग. माझ्या उपकाराखाली आहे असं वाटून त्याला झोप लागणार नाही.

तू लिहितेस, इतकं काय होणार असं वाटलं. काठोकाठही पावसाबद्दल हेच म्हणत होते. तुम्हा दोघांचं जमेल.

हे बोचलं असेल तर बोचू दे. तुझं काम गेलं हे वाचून मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. त्या फडक्याचं वाचून मी खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन आले. बाहेर धरणाचा तळ वर येत चालला आहे. जुन्या रस्त्याची वळणं दिसायला लागली आहेत, चिखलाला भेगा पडल्या आहेत, आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. रोज सकाळी मी ते बघते. काय झालं आहे ते मला कळत नाही, असं कोणी समजू नये.

पण वाईट वाटणं वेगळं आणि चुकणं वेगळं. वरून एक चौकशी लागली आहे. शहरातून तक्रार गेली आहे, पुष्कळ सह्यांची. काठोकाठांनी मला बोलावून चहा पाजला आणि गोडीत सांगितलं की एक ओळ लिहून द्या, निर्णय चुकला. मग नुसती बदली करू. नाहीतर निलंबन होईल. मी विचारलं, तुम्ही उघडू नका म्हणाला होता, तेही त्या ओळीत लिहू का? त्यांनी बिस्किटं पुढे केली.

मी लिहून देणार नाही. पाऊस आला नाही ही माझी चूक नाही, आणि आला असता तर ती माझी हुशारीही नसती. त्या दिवशी धरण भरलेलं होतं, आभाळ भरलेलं होतं आणि खाली माणसं होती. तेवढंच मला माहीत होतं, आणि तेवढ्यावर जे करायचं ते मी केलं. उद्या पुन्हा तसा दिवस आला तर पुन्हा करीन.

तुझी नणंद


९ मार्च
लॉन्ड्री

वन्सं,

त्या पुष्कळ सह्यांमध्ये एक माझी आहे.

दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं म्हणून लिहिते, माफी मागायला नाही. लॉन्ड्रीवाले सगळे जमले होते. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि बघत राहिले, ही करते की नाही. मी केली, आणि वळणदार केली. माझ्या बायका घरी बसल्या आहेत. त्यांच्या वतीने मी तक्रार नाही करायची तर कोणी करायची? नातं नात्याच्या जागी.

काठोकाठांची आणि माझी जोडी जुळवलीत ते वाचून हसू आलं, मग राग आला, मग पुन्हा हसू आलं. पण तुमच्या एका वाक्यावर मी अडले आहे. तुम्ही म्हणता तेवढंच माहीत होतं. सप्टेंबरात तेवढंच होतं, कबूल. ऑक्टोबरात काय? ऑक्टोबरात तुम्हाला कळलं होतं की उन्हाळा कठीण जाणार. ते तुम्ही कोणाला सांगितलंत? मला. पत्रातून, चादरींच्या गाठोड्यातून. शेजारच्या लॉन्ड्रीला कोणी सांगितलं नाही. सोडावाल्याने जानेवारीत नवी टाकी चालू केली, त्यालाही नाही. तेव्हा घरात माणूस असलं की असं होतं, हे तो खोटं म्हणाला नाही.

चौकशीला तक्रारदार म्हणून मलाही बोलावलं आहे. मी येणार.

तुमची वहिनी


१६ मार्च
धरण वसाहत

वहिनी,

ये. चौकशीचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद असते, तेव्हा नवी चप्पल घालू नकोस.

धरणात किती टक्के पाणी आहे हे मी दर आठवड्याला वर पाठवते आणि ते वर्तमानपत्रात छापून येतं. माझं काम तिथे संपतं, असं मी तुला उत्तर लिहायला घेतलं होतं. दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. टक्के छापून येतात, पण त्याचा अर्थ तुझ्या नळाला काय, हे त्यात कुठेच नसतं. तो अर्थ मी फक्त तुला सांगितला.

त्याचं काय करायचं ते मी बघते आहे. सहीबद्दल मात्र काही बोलायचं नाही. न करतीस तर मला तू थोडी कमी आवडली असतीस.

पण ती ओळ मी लिहून देणार नाही म्हणजे नाही. तू समोर बसलीस तरी.

तुझी नणंद


२४ एप्रिल
लॉन्ड्री

वन्सं,

तुमचं बोलणं झाल्यावर तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं. त्यामुळे आत काय झालं ते तुम्हाला कोणी धड सांगितलेलं नसणार. मी बाहेर आल्यावर तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी तुमच्याकडे न बघता जिना उतरले. बोलले असते तर रडले असते, आणि त्या इमारतीत रडायचं नाही असं मी घरूनच ठरवून आले होते. तेव्हा आता ऐका.

अध्यक्ष मधे बसलेले. उंच, शांत माणूस, सारखा चष्मा पुसणारा. आम्ही तक्रारदार एका बाजूला, काठोकाठ दुसऱ्या बाजूला. अध्यक्षांनी आम्हाला विचारलं, त्या दिवशी दरवाजे उघडले नसते तर ही वेळ आली असती का? सगळे म्हणाले, नसती. मीही म्हणाले, नसती. ते खरंच आहे.

मग काठोकाठ उभे राहिले. म्हणाले, लोकांची भावना आपण ऐकलीच. तेव्हा पुढच्या वर्षापासून तो जुना तक्ता रद्द करावा, येईल तेवढं पाणी धरून ठेवावं, धरण पहिल्यापासून पूर्ण भरून ठेवावं. आणि आमची तक्रार त्यांनी वर धरली, आमच्या सह्यांसकट. माझी वळणदार सही मला लांबूनसुद्धा दिसली.

वन्सं, मला भिंतीवरची ती रेघ आठवली. मावशींची टेबलं आठवली. तुमच्या दादांचा हात धरून आम्ही कशा माळ्यावर चढलो होतो ते आठवलं. मी उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, बाई, तुमचं बोलणं झालं आहे. मी म्हटलं, माझं झालं होतं, पण आत्ता या साहेबांनी माझ्या तोंडून जे वदवलं ते मी बोललेच नाही. मी पाणी मागितलं. पूर मागितला नाही.

ते म्हणाले, बसा. मी बसले नाही. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याने पदर ओढला, तोही सोडवून घेतला. मी काठोकाठांना विचारलं, दरवाजे उघडू नका असं तुम्ही सांगितलं होतं ना? ते म्हणाले, तोंडी सूचना दिली होती. मी म्हटलं, बाईंनी लेखी मागितलं होतं, ते का दिलं नाही? ते म्हणाले, त्या वेळची परिस्थिती बघता. मी म्हटलं, परिस्थिती अशी होती की तुम्हालाही पावसाची भीती वाटत होती. लेखी दिलं असतं आणि पाऊस आला असता, तर आमची गल्ली तुमच्या सहीने बुडाली असती. नाही दिलं, म्हणजे बुडाली तर बाईंच्या नावावर आणि कोरडी राहिली तरी बाईंच्याच नावावर. तुमचं दोन्हीकडून झाकलेलं.

अध्यक्षांनी चष्मा पुसायचा थांबवून विचारलं, मग तुम्ही तक्रार मागे घेता का?

मी म्हटलं, नाही. आणि हे तुम्हाला दाराबाहेर ऐकू आलं नसेल तर आता ऐका. मी म्हटलं, आमची तक्रार आहेच. बाईंनी दरवाजे उघडले याची नाही. पाणी कमी पडणार हे या कार्यालयाला ऑक्टोबरात माहीत होतं आणि ते बाजारात येऊन कोणी सांगितलं नाही, याची आहे. साहेबांनी सांगितलं नाही आणि आमच्या वन्संनीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी नवं यंत्र घेतलं नसतं. तेवढ्यात माझ्याच लक्षात आलं की मला तर सांगितलं होतं. मग तेही बोलून टाकलं. म्हटलं, मला एकटीला सांगितलं, आणि तोवर मी काम घेऊन बसले होते, आणि मला एकटीला सांगितलं हेच वाईट झालं.

शेवटी काय झालं विचाराल तर काही झालं नाही. अध्यक्ष म्हणाले, नोंद घेतली. नोंद घेतली म्हणजे काय हे तुम्हालाच कळेल. जिन्यात लॉन्ड्रीवाल्यांनी मला धारेवर धरलं, की तू कोणाच्या बाजूने आहेस एकदा ठरव. मी म्हटलं, मी खालच्या बाजूने आहे, धरणाच्या खालच्या. तुम्हीही तिथेच राहता.

नवी चप्पल घातली होती. तुमचं ऐकायला हवं होतं.

तुमची वहिनी


७ जुलै
धरण वसाहत

वहिनी,

निकाल आला. तक्ता राहिला. निलंबन नाही, बदली नाही, मला एक लेखी ताकीद मिळाली आहे. तिच्यात लिहिलं आहे की वरिष्ठांशी समन्वय ठेवला नाही. पोच देताना मान्य असं लिहा म्हणाले. मी मिळालं एवढंच लिहिलं. कारकून म्हणाला, बाई, एका शब्दाने काय होतं? मी म्हटलं, काही होत नसेल तर राहू दे माझाच. आता ती ताकीद मी भिंतीवर तक्त्याच्या शेजारी लावली आहे. येणारे जाणारे दोन्ही वाचतात.

काठोकाठ साहेब आहेत तिथेच आहेत, आणि परवा फोनवर म्हणाले, जरा भरू द्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, बरं बरं, राहू दे.

तू आत काय बोललीस ते वाचून मी हे पत्र लिहायला इतके आठवडे घेतले. तू माझी बाजू घेतलीस म्हणून नाही. एरवी कोणाला कळलंही नसतं ते माझ्याविरुद्धचं तू सगळ्यांसमोर बोललीस, म्हणून. दादा गेल्यावर मला वाटायचं की आपल्या दोघींत आता भांडणाशिवाय काही उरलं नाही. भांडण उरलं हे बरंच झालं.

तुझ्या गल्लीच्या तोंडाशी, सोडावाल्याच्या भिंतीला, एक फळा लावून घेतला आहे. भिंत द्यायला तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, लावा, पण माझ्या बाटल्यांच्या जाहिरातीच्या खाली. दर सोमवारी तिथे खडूने लिहिलं जाईल की धरणात किती पाणी आहे, ते कोणाला किती दिवस पुरेल आणि कोणाचं कधी कमी होणार. सगळ्यांना एकदम. इतर कार्यालयांनी हे कधी केलेलं नाही आणि आमच्या कार्यालयाने मला परवानगी दिलेली नाही. लेखी नकारही दिलेला नाही.

पाऊस उशिरा पण नीट लागला आहे. तळातला रस्ता बुडाला.

तुझी नणंद


१२ सप्टेंबर
धरण वसाहत

वहिनी,

फळ्यावर आज लिहून पाठवलं आहे, तेच तुलाही. तुला वेगळं असं काही नाही.

धरण भरत आलं आहे. तक्त्यापेक्षा पाणी वर गेलं आहे आणि वेधशाळेने मोठा पाऊस सांगितला आहे. परवा सकाळी दरवाजे उघडायचं ठरतं आहे. पाऊस येईलच असं मी म्हणत नाही. मागच्या वर्षी आला नव्हता. यंदाही नाही आला तर उन्हाळ्यात पुन्हा सगळ्यांना त्रास होईल, हेही फळ्यावर लिहिलं आहे. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत कळवावं.

खरं सांगू? फळ्यावरचा मजकूर लिहिताना दोनदा खोडला. मागच्या वर्षी एकदाही खोडलं नव्हतं. तेव्हा मला फक्त पूर दिसत होता. आता ते ओलं फडकंही दिसतं.

तुझी नणंद


१३ सप्टेंबर
लॉन्ड्री

वन्सं,

फळा वाचला. सगळ्या गल्लीने वाचला. सोडावाल्याने मोठ्याने वाचून दाखवला, जसा काही त्यानेच लिहिला आहे.

दुपारी आम्ही सगळे लॉन्ड्रीत जमलो. भांडणं झाली, ती काय सांगू. एक जण म्हणाला, यंदा नका उघडू, मागचं वर्ष पुरे झालं. दुसरा म्हणाला, तुझं घर वरच्या आळीत आहे. मावशींनी भिंतीवरच्या रेघेवर हात ठेवला, टेबलांची गोष्टसुद्धा सांगितली नाही. मग निरोप लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हे सगळ्यांचं समजा.

उन्हाळ्यात मी मागच्या अंगणात टाकी बांधून घेतली आहे. शेजारच्या दोन लॉन्ड्रीवाल्यांनीही. घरी गेलेल्या चारजणींतल्या दोघी परत आल्या, फडकंवालीही आली. पाणी कमी पडलं तर आम्ही कमी कपडे घेऊ, पण या वेळी आम्हाला आधी माहीत असेल. दवाखान्याला मी आजच कळवते की फेब्रुवारीपासूनचं सांगता येत नाही. त्यांना पटलं तर ठीक.

काठावरच्या दोऱ्या सोडल्या. चादरी आत घेतल्या. यंत्रं बंद ठेवते, भोंगा ऐकायचा आहे.

आणि एक लक्षात असू द्या. मागची तक्रार मी मागे घेतलेली नाही. पाऊस आला नाही आणि फळ्यावर जे लिहिलंत त्यातलं काही आमच्यापासून लपवलंत, तर दुसरी करीन, आणि तिच्यावर पहिली सही माझी असेल.

दरवाजे उघडा.

तुमची वहिनी